वरची पाच मिनिटं

गिरणीच्या हजेरीपटावर त्यांचं एक रीतसर नाव होतं, पण ते हजेरी घेणाऱ्या कारकुनालाही आठवत नसे. तो सरळ "खमंगराव!" अशी हाक मारी. मग खमंगराव टोपी सावरत आत जात. आपण फार मोठं काही करत नाही असा चेहरा, आणि तसं कुणी खरोखर समजू नये अशी चाल.

गिरणी तेलाची होती. सोयाबीन आत जायचं, तेल बाहेर यायचं आणि मागे उरायची ती पेंड. तेलाचं नशीब बरं असतं. त्याला बाटली मिळते, बाटलीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र मिळतं. पेंडीला मिळते गोण. ती कोंबड्यांच्या, गाईंच्या पोटात जाते आणि तिच्याविषयी चार बरे शब्द कुणी बोलत नाही. खमंगराव मात्र बोलत. चार कसले, चारशे बोलत. एकदा सुरू झाले की जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा हीच समोरच्याची एकमेव आशा उरे.

त्यांचं काम पेंड शिजवण्याचं. कच्च्या सोयाबीनमध्ये एक खोड असते. त्यामुळे पिल्लांना ते पचत नाही. पिल्लू खातं, पण वाळत जातं. वाफेच्या उष्णतेने ती खोड मोडते. म्हणून दोन पुरुष उंचीच्या लोखंडी टाकीत पेंड घालायची, भोवतीच्या आवरणात वाफ सोडायची, आतले दांडे फिरते ठेवायचे आणि वेळ झाली की खालची झडप ओढून माल बाहेर काढायचा. टाकी बनवणाऱ्यांनी तिच्यावर एक पत्रा ठोकून दिला होता. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, चाळीस मिनिटं.

खमंगराव साठ मिनिटं शिजवत.

ही वरची वीस मिनिटं एका दिवसात आलेली नव्हती. पहिली पाच त्यांच्या उस्तादांच्या नावाची. खमंगराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. एकदा बॉयलरचा दाब पडला, पेंड अर्धीकच्ची राहिली आणि उस्तादांनी "चालून जाईल" म्हणत ती जाऊ दिली. काही आठवड्यांनी एका कोंबडीवाल्याने ऑफिसच्या टेबलावर एक टोपली आणून ठेवली. आत मेलेली पिल्लं होती, महिन्याची असून आठवड्याची दिसणारी. उस्तादांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्यांनी आपणहून अंगावरचा एप्रन खिळ्याला अडकवला, घरी गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. ती पिल्लं खमंगरावांनी बॉयलरच्या मागे पुरली. दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं झाली तरी त्यांचा हात झडपेकडे जाईना. वरून पाच मिनिटं गेली तेव्हा गेला.

दुसरी पाच नवा बॉयलर बसला तेव्हाची, कारण नव्यावर एकदम विश्वास कसा ठेवायचा? तिसरी पाच कोंबडीवाल्या मावशी "परवाचा माल जरा फिका वाटला हो" म्हणाल्या त्या दिवशीची. चौथी पाच कशी आली हे खुद्द खमंगरावांनाही सांगता आलं नसतं. चष्मा लागला त्या वर्षी केव्हातरी ती मुकाट्याने येऊन बसली आणि घरचीच झाली.

साठ मिनिटांनी झडप उघडली की सोनेरी तपकिरी पेंड धबाधबा खाली पडे आणि तिचा वास फाटकाबाहेर पडून अख्ख्या रस्त्यावर फिरायला निघे. समोरचा बेकरीवाला म्हणायचा, "तुमच्या वासापुढे माझा पाव आजारी वाटतो राव." गिऱ्हाइकं गोणीत हात घालून मूठभर पेंड नाकाशी न्यायची आणि डोळे मिटायची. खमंगराव बाजूला उभे राहून छताकडे बघत असत. स्तुती ऐकताना छताकडे बघायचं असतं, एवढा विनय त्यांच्याकडे होता.

असं सगळं छान चाललेलं असताना गिरणीत मेहुणी आली.

मेहुणी म्हणजे त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. यांच्या लग्नाच्या वेळी ती दुसरीत होती. नव्या नवरदेवाला तिने पहिला प्रश्न विचारला होता, "भावोजी, तुम्हाला सतराचा पाढा येतो?" आला नव्हता. तेव्हापासून खमंगराव तिच्याशी जरा जपूनच बोलत. पुढे ती रसायनशास्त्र शिकली, पशुखाद्याच्या कारखान्यांत पंधरा वर्षं प्रयोगशाळा सांभाळून आली आणि आता मालकांनी तिला गिरणीत आणलं होतं. जुन्या वजनकाट्याच्या खोलीत तिने बाटल्या मांडल्या, दारावर "विचारल्याशिवाय आत येऊ नये" अशी पाटी लावली आणि पहिल्याच आठवड्यात खमंगरावांच्या पेंडीची परीक्षा घेतली.

"भावोजी, शून्य आलं."

खमंगरावांनी टोपी सावरली. "शून्य?"

"अहो, चांगलं असतं ते. पेंड कच्ची असेल तर हे पाणी गुलाबी होतं. तुमचं जरासुद्धा झालं नाही."

"होणारच नाही." खमंगराव छताकडे बघू लागले.

"पण शून्याने फक्त कच्ची नाही एवढंच कळतं. पुढे किती गेलात ते नाही कळत. ते दुसऱ्या परीक्षेत कळतं." तिने वही उघडली. "त्यात तुम्हाला सहासष्ट."

"म्हणजे फर्स्ट क्लास!"

"ऐंशीच्या आसपास हवेत, भावोजी. तुमची पेंड जास्त शिजते. प्रथिनं आणि साखर एकमेकांना इतकी घट्ट धरून बसतात की पिल्लाच्या पोटाला ती सुटत नाहीत. पिल्लाचं पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही."

"आणि हा रंग? हा वास?"

तिने आवाज खाली आणला. मेहुणी असली तरी माणूस होती. "तोच तर तो," ती म्हणाली. "जे अंगाला लागायचं होतं त्याचाच तो वास आहे."

खमंगराव वळले. ते टाकीपाशी गेले आणि त्या दिवशी त्यांनी पासष्ट मिनिटं शिजवलं.

प्रकरण मालकांपर्यंत गेलं. मालकांना भांडणाचा कंटाळा आणि निर्णयाचा त्याहून जास्त. ते म्हणाले, "तुम्ही दोघं एका घरातले, मी मधे कशाला पडू? पिल्लांनाच विचारा. त्यांना नातीगोती नसतात."

तसं ठरलं. चाळीस पिल्लं आणायची, वीस-वीसचे दोन खोके करायचे. दोन्हीकडे मका तोच, क्षार तेच, पाणी तेच. फक्त पेंड वेगळी. लाल दोऱ्याच्या खोक्याला खमंगरावांची तपकिरी, निळ्या दोऱ्याच्या खोक्याला मेहुणीच्या सांगण्यावरून चाळीस मिनिटांत काढलेली फिकी. तीन आठवडे, दर रविवारी वजन. गिरणीत मांजरं फार, म्हणून खोके खमंगरावांच्या घरी मागच्या खोलीत ठेवायचे. बायकोला कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "ठेवा. नाहीतरी या घरात मीच तेवढी किलबिल करत नव्हते."

फिक्या पेंडीची गोण घरात आली आणि खमंगरावांनी तिच्यात हात घातला. मूठ नाकाशी नेली. वास जवळजवळ नव्हताच. ओल्या पुठ्ठ्यासारखा काहीतरी होता. हे पिल्लांना घालायचं? त्यांनी निळ्या खोक्यात डोकावून पाहिलं. वीस पिवळे गोळे दिव्याच्या उबेला एकमेकांवर चढून बसले होते. त्यातलं एक मान उंच करून त्यांच्याकडेच बघत होतं. खमंगरावांच्या डोळ्यांसमोर ती जुनी टोपली उभी राहिली.

पहाटे पाच वाजता, बायको उठायच्या आत, ते गुपचूप स्वयंपाकघरात गेले. त्यांनी मोठी कढई चुलीवर ठेवली आणि मेहुणीची दिवसभराची पेंड तिच्यात ओतून मंद आचेवर परतायला घेतली. चांगली सोनेरी तपकिरी होईपर्यंत.

यात त्यांना लबाडी अशी काही दिसलीच नाही. परीक्षा मेहुणीची होती, आणि तिच्या परीक्षेपायी वीस जीव का जावेत? हरायचं तर तिने हरावं, पिल्लांनी मरू नये, इतका साधा त्यांचा हिशेब होता. रोज पहाटे ते कढईपाशी उभे राहत, उलथन्याने पेंड हलवत, आणि मनातल्या मनात आपल्या भूतदयेचं थोडं कौतुकही करून घेत.

पहिल्या रविवारी मेहुणी आली आणि तिने एकेक पिल्लू काट्यावर ठेवलं. दोन्ही खोके जवळपास सारखे. "पहिला आठवडा आहे," ती म्हणाली. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. लाल खोक्याचं सरासरी वजन एकशे बासष्ट ग्रॅम, निळ्याचं एकशे चौसष्ट. तिने काटा पुसला, शून्यावर आणला, सगळी पिल्लं परत तोलली. पुन्हा तेवढीच.

"बघ," खमंगराव म्हणाले. "काही फरक नाही. मी म्हणतच होतो."

मेहुणीने काटा बाजूला ठेवला. तिने पाट ओढला आणि पिल्लांच्या खोक्यापाशीच बसली. बराच वेळ वहीतल्या आकड्यांवर बोट फिरवत राहिली.

"मालकांना उद्या दोन आठवड्यांचे आकडे लिहून द्यायचेत," ती शेवटी म्हणाली. "फिकी आणि तपकिरी सारखीच. ते म्हणालेच होते, दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर बाटल्या आवरायच्या आणि गोणी मोजायच्या कामाला लागायचं. लागेन." ती हसायचा प्रयत्न करत होती. "ताई, गंमत सांगू? मला खात्री होती गं. पंधरा वर्षं लोकांना हेच सांगत आले. आता वाटतं, किती ठिकाणी मी उगाच सांगितलं असेल."

बायकोने चहाचा कप तिच्या हातात दिला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काही नव्हतं. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर ज्या नजरेत काही नसतं तिलाच माणूस घाबरतो.

मेहुणी गेल्यावर बायको कप विसळत म्हणाली, "अहो, मला सर्दी झालेली नाही."

"म्हणजे?"

"रोज पहाटे घरभर वास सुटतो. मला वाटलं, हे स्वतःहून सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. चौदा दिवस झाले."

"अगं, पिल्लं मेली असती!"

"मेली असती की नसती ते बघायलाच तर ती आणलीत ना?" तिने कप पालथा घातला. "तुम्हाला पिल्लांची काळजी होती हे मला कळतं. पण आज ती पाटावर बसली होती तेव्हा तुम्ही छताकडे बघत होतात. ती काळजी मला नाही कळली."

खमंगराव जेवले नाहीत. मागच्या खोलीत खोक्यांशेजारी बसून राहिले. आपण जिंकलोय, हे त्यांना नीट ठाऊक होतं. एक शब्द बोलायची गरज नव्हती. सोमवारी बाटल्या आवरल्या जातील, पाटी निघेल, साठ मिनिटं साठच राहतील आणि पेंड पूर्वीसारखीच दरवळेल. सगळं काही हाताशी आलं होतं, आणि घास उतरत नव्हता.

संध्याकाळ व्हायच्या आत ते मेहुणीच्या दारात उभे होते. टोपी हातात.

"मी परतत होतो," ते म्हणाले.

"काय परतत होता?"

"तुझी पेंड. कढईत. रोज."

समजायला तिला थोडा वेळ लागला. मग ती अशी हसत सुटली की तिला दाराच्या चौकटीला धरावं लागलं. "म्हणजे मी दोन आठवडे तुमची पेंड तुमच्याच पेंडीशी तोलत होते!" आणि हसता हसता एकदम थांबली. "भावोजी, उद्या मी माझ्या सहीने खोटं लिहून दिलं असतं. कळतंय तुम्हाला?"

"म्हणून तर आलो."

"आणि नसता आलात तर?"

खमंगराव हातातली टोपी फिरवत राहिले. उत्तर त्यांना येत होतं, आणि तेच त्यांना टोचत होतं.

तिसरा आठवडा कढईविना गेला. खमंगराव रोज पहाटे पाचला उठतच होते, पण आता खोक्यापाशी बसायला. फिकी पेंड भांड्यात पडली की ते पुढे वाकत. कुठलं पिल्लू पंख सोडून बसतंय का, कुणाची विष्ठा पातळ आहे का, ते चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बघत. एकदा एक पिल्लू दुपारी जरा जास्त वेळ झोपलं तर त्यांनी ते हातात घेऊन हलवलं. पिल्लाने त्यांच्या बोटाला चोच मारली. चांगली सणसणीत मारली.

रविवारी काट्यावर उत्तर आलं. लाल खोका दोनशे एक्कावन्न ग्रॅम. निळा दोनशे सत्त्याऐंशी.

मेहुणीने आनंदाने उडी वगैरे मारली नाही. तिने आकडे लिहिले आणि वही त्यांच्यासमोर सरकवली. एका आठवड्यात छत्तीस ग्रॅम. मुठीत मावणार नाही असं काही नव्हतं. एका पिल्लाच्या अंगावर चिमूटभर मांस, थोडी पिसं, थोडं हाड. खमंगराव त्या आकड्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोक्यात तो गुणला जाऊ लागला. पिल्लांनी, खुराड्यांनी, वर्षांनी. पाढे कच्चे असूनही तो थांबेना.

"बत्तीस वर्षं," ते म्हणाले. "मी एवढ्या सगळ्यांना..."

"मारलं नाहीत," मेहुणी पटकन म्हणाली. "ऐका माझं. कच्ची पेंड खरंच घातक असते, तुम्ही त्याला घाबरलात ते बरोबरच होतं. तुमच्या हातून एक पिल्लू गेलं नाही. फक्त..."

"फक्त काय?"

"फक्त ती जरा उपाशी राहिली. पोट भरलेलं असताना."

बायको मधे पडत म्हणाली, "अगं, हळू सांगायचं काहीतरी."

"नको," खमंगराव म्हणाले. "हळू सांगितलेलं मला कळत नाही."

सोमवारी त्यांनी चाळीस मिनिटांनी झडप ओढली. सोपं नव्हतं ते. एकोणचाळिसाव्या मिनिटाला मेहुणी शेजारी येऊन उभी राहिली नसती तर पंचेचाळीस नक्की झाली असती. मग नमुना तिच्या बाटलीत गेला. पाणी गुलाबी झालं नाही, आणि दुसऱ्या परीक्षेत एक्क्याऐंशी आले. मालकांनी फिक्या पेंडीचा ढीग पाहिला आणि कपाळाला हात लावला. "विद्या झाली, आता ही विकणार कोण? गिऱ्हाईक वासावर येतं."

"ज्याने वास लावला तोच जाईल," खमंगराव म्हणाले.

कोंबडीवाल्या मावशींचं खुराडं गावाबाहेर होतं. खुराडं म्हणजे लांबच लांब पत्र्याची शेड, तीत हजारभर कोंबड्या. मावशी बावीस वर्षांच्या गिऱ्हाईक. पाच गोणी घेऊन गाडी शेडपाशी थांबली. मावशींनी सवयीने गोणीचं तोंड सोडलं, मूठ नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मग लगेच उघडले.

"खमंगराव, हे काय आणलंत? ही तर कच्ची आहे!"

"कच्ची नाही, मावशी. एवढीच शिजवायची असते. आजवर मी जास्त शिजवत होतो."

"म्हणजे?"

त्यांनी सगळं सांगितलं. टोपलीचं सांगितलं, वरच्या मिनिटांचं सांगितलं, कढईचंही सांगितलं. कढईचं सांगायची गरज नव्हती, पण एकदा सुरुवात केल्यावर त्यांना मधे थांबता आलं नाही. छत्तीस ग्रॅम त्यांनी दोनदा सांगितले.

मावशी गोणीवर बसल्या. शेडमध्ये हजार गळे एका सुरात कुरकुरत होते.

"बावीस वर्षं," त्या हळूहळू म्हणाल्या, "माझ्या कोंबड्या आळशी आहेत असं मी समजत होते. शेजारच्याच्या भराभर वाढायच्या, माझ्या नाही. मी त्यांना रोज शिव्या देते हो. 'एवढं खमंग घालते, तरी मेल्यांनो अंगाला लावून घेत नाही,' म्हणते." त्यांनी जाळीकडे पाहिलं. "आणि त्या बिचाऱ्या ऐकून घेत होत्या."

"मला बोला, मावशी. त्यांना नको."

"तुम्हाला काय बोलू? तुमची पेंड मी दहा जणांना हुंगायला दिलीये. बढाया मारल्यात." त्यांनी पुन्हा मूठ भरली, पुन्हा हुंगली, तोंड वाकडं केलं. "खरं सांगा. तुमचं नाक काय म्हणतं?"

खमंगरावांच्या खिशात मेहुणीने दिलेली चिठ्ठी होती, त्यावर एक्क्याऐंशीचा आकडा आणि तिची सही. पण मावशींनी विचारलं होतं नाकाचं. ते खाली वाकले, त्यांनी पेंड हातात घेतली आणि हुंगली.

"नाक म्हणतं, कच्ची आहे," ते म्हणाले.

"मग?"

"मग माझ्या नाकाचं ऐकू नका."

मावशींनी मूठ गोणीत झटकली. आणि मग ज्या हसल्या त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "एवढी वर्षं त्याच नाकावर माल घेतला की हो मी!" हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. "बरं. एका कप्प्याला घालते. शंभर कोंबड्या. पण दर रविवारी तुम्ही यायचं आणि स्वतःच्या हाताने तोलायचं. एक जरी माझी कोंबडी वाळली ना..."

"तर ती टोपलीत घालून गिरणीत आणा," खमंगराव म्हणाले. "टेबलावर ठेवा. मी तिथेच असेन."

मावशींनी मका आणि पेंड मिसळली. घमेली उचलून दोघं कप्प्याकडे गेले. खमंगरावांनी गाडीवानाला थांबायला सांगितलं. खरं तर त्यांना निघून जायचं होतं, पण पाय निघेनात. पन्हळीत फिकं खाद्य पडत गेलं आणि शंभर माना एकदम खाली झुकल्या. चोचींचा पावसासारखा टपटप आवाज सुरू झाला. खमंगराव जाळीला दोन्ही हात लावून उभे होते. कुणी थांबतंय का, कुणी हुंगून बाजूला होतंय का, ते बघत होते.

एकही मान वर आली नाही.

"बसा की जरा," मावशी म्हणाल्या. "चहा टाकते."

"नको, उभाच ठीक आहे," खमंगराव म्हणाले. "यांचं होऊ द्या."